पाइपातला पीळ आणि तेलाचं माप



काट्याचा विषय निघाला की आपल्यापैकी कुणाचेही कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. दहा टनांची खेप काट्यावर चढली आणि काटा हजारात एका भागाने चुकला, तर दहा किलो ऊस इकडचा तिकडे होतो. एका खेपेला ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. पण दहा लाख टन गाळपाच्या हंगामात हाच फरक एक हजार टनांवर जातो. म्हणून तर काट्याची तपासणी होते आणि प्रमाणित वजने ठेवून खात्री केली जाते.

उसाची गाडी काट्यावर उभी राहते. दुधाची घागर मापाखाली थांबते. पण जे थांबतच नाही, पाइपातून रात्रंदिवस वाहत असते, त्याचे माप कसे घ्यायचे? खनिज तेलाच्या धंद्यातला हा रोजचा प्रश्न आहे. आपल्या मुंबईच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ साली ते निघू लागले. तिथले तेल समुद्रतळावरच्या पाइपातून उरणला येते. जगभर असेच चालते. विहिरीतून पाइपात, पाइपातून जहाजात, जहाजातून रिफायनरीत. दर टप्प्यावर मालक बदलतो, आणि मालक बदलला की माप आले.

हे माप किती नाजूक, ते पाहा. मोठ्या तेलवाहू जहाजात सुमारे वीस लाख बॅरल तेल मावते. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. मापात हजारात एकाची चूक झाली, तर एका जहाजामागे दोन हजार बॅरल, म्हणजे तीन लाख अठरा हजार लिटर तेल कागदावरच गायब! वीस हजार लिटरचे जवळजवळ सोळा टँकर. ही चूक विकणाऱ्याच्या अंगावर येते किंवा घेणाऱ्याच्या. मधल्यामध्ये ती जिरत नाही.

आणि गंमत अशी, की ही चूक पुष्कळदा मापकात नसतेच. ती असते मापकाच्या आधीच्या पाइपात. कशी, तेच या लेखात सांगायचे आहे. गोष्ट तेलाची असली तरी शेतातल्या पाण्याला ती तितकीच लागू आहे.

तेलाला कुठले मापक चालते?

अनेक साखर कारखान्यांत उसाच्या रसासाठी चुंबकीय प्रवाहमापक असते. रसातून वीज वाहते, म्हणून ते तिथे चालते. तेलातून वीज वाहत नाही, त्यामुळे चुंबकीय मापक तेलाला आंधळे. पूर्वीपासून तेलासाठी दोन प्रकार वापरात आहेत. एकात पाइपात छोटा पंखा असतो. तेल जसे वाहील तसा तो फिरतो आणि फेऱ्या मोजल्या जातात. दुसऱ्यात तेलाचे ठरावीक मापाचे कप्पे भरतात आणि रिकामे होतात. दोन्ही चांगले, पण दोन्हींत फिरते भाग आहेत. ते झिजतात, कचरा अडकला की अडतात, आणि तेलाचा दाबही थोडा खातात.

म्हणून ध्वनिलहरींचे, म्हणजे अल्ट्रासॉनिक मापक आले. दवाखान्यात सोनोग्राफीला वापरतात तोच प्रकारचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज. अलास्काची सुमारे १,२८० किलोमीटर लांबीची तेलवाहिनी १९७७ साली सुरू झाली. तिच्यावर गळती ओळखण्यासाठी अशी मापके वापरली गेली. गळती ओळखायची तर एका टोकाचे माप दुसऱ्या टोकाशी ताडून पाहिले की भागते. पण तेल विकताना भागत नाही. तिथे नेमका आकडाच लागतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने अशा मापकांवर तेलाच्या देवघेवीसाठी नियमावली काढली ती २००५ साली. द्रवांसाठीच्या या मापकांचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ साली आले. मधल्या वर्षांत ज्या अडचणींनी डोके खाल्ले, त्यांतली एक मोठी म्हणजे पाइपातला पीळ.

नावाडी आणि घड्याळ

आधी हे मापक काम कसे करते ते बघू. कृष्णेच्या किंवा गोदावरीच्या पात्रात एक नावाडी तिरका पलीकडे जातो आहे असे समजा. जाताना तो प्रवाहाच्या अंगाने तिरका गेला, तर पाणी त्याला रेटा देते आणि तो लवकर पोचतो. त्याच वाटेने परत येताना प्रवाह अंगावर येतो, म्हणून वेळ जास्त लागतो. दोन्ही वेळा घड्याळावर टिपल्या, की नदी किती वेगाने वाहते ते नदीत हात न घालता सांगता येते.

मापकात नावाड्याच्या जागी आवाज असतो. पाइपाच्या दोन बाजूंना, एक थोडे मागे आणि एक थोडे पुढे, अशी दोन बोंडे बसवतात. पहिले बोंड आवाज सोडते, दुसरे ऐकते, मग उलट. तेल तापले की त्यातून आवाज हळू जातो, गार असले की जलद. पण जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही वेळ मोजलेले असल्याने आवाजाचा वेग हिशेबातून निघून जातो. उरतो तो फक्त तेलाचा वेग.

आता आकडे पाहा. अर्ध्या मीटर व्यासाचा पाइप, त्यातून ४५ अंशांत तिरकी वाट, तेलाचा वेग सेकंदाला दोन मीटर, आणि तेलातून आवाज सेकंदाला १,३०० मीटर जातो असे धरू. वाटेची लांबी सत्तर सेंटिमीटर भरते. आवाजाला ती कापायला सुमारे ५४४ मायक्रोसेकंद लागतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. जाण्या-येण्यातला फरक किती? अवघा १.२ मायक्रोसेकंद. हजारात एकाइतके अचूक माप हवे असेल तर घड्याळाला मायक्रोसेकंदाचा सुमारे आठशेवा भाग ओळखता आला पाहिजे. आजची इलेक्ट्रॉनिक घड्याळे तेही ओळखतात. म्हणजे घड्याळाची अडचण नाही. अडचण नदीची आहे.

पीळ येतो कुठून?

नावाड्याच्या हिशेबात आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे नदी सरळ वाहते. पाणी काठाला समांतर जाते, आडवे जात नाही. पण वळणावर काय होते ते आपण सगळे जाणतो. नदी वळली की बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या काठाला वाळू साचते. थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांनी १९२६ साली यावर लेख लिहिला आणि चहाच्या कपातल्या पत्तीचा दाखला दिला. चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता मध्यावर गोळा होते. कारण तळाशी घासून चहाचा वेग मंदावतो आणि तो तळाने आत सरकतो. नदीतही तसेच. वरचे वेगवान पाणी वळणाच्या बाहेर फेकले जाते आणि तळाचे मंद पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे येते. म्हणजे नदी पुढे तर जातेच, पण आतल्या आत आडवी फिरतेही.

पाइपाच्या एल्बोतही हेच घडते. मधले वेगवान तेल बाहेरच्या अंगाला रेटले जाते आणि भिंतीलगतचे मंद तेल दोन्ही कडांनी आत परतते. त्यातून एकमेकांच्या उलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात. विल्यम डीन या इंग्रज गणितज्ञाने १९२७-२८ च्या सुमारास वाकड्या पाइपातल्या या फिरण्याचे गणित मांडले. आजही त्यांना डीनचे भोवरे म्हणतात.

खरी गडबड होते ती लागोपाठच्या दोन वळणांनी. पाइप आडवा आला, एका एल्बोने वर चढला आणि लगेच दुसऱ्या एल्बोने बाजूला वळला, असे समजा. दुसरे वळण वेगळ्याच दिशेचे असल्याने दोन भोवऱ्यांपैकी एक दुसऱ्यावर मात करतो आणि सगळे तेल एकाच दिशेने गरगरत पुढे जाते. दोरखंडाला पीळ असतो तसा प्रवाहाला पीळ बसतो. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह आणि पंप हीही पिळाची जन्मस्थाने. मोठ्या आडव्या पाइपातून फुटलेला फाटाही पीळ देतो.

"पुढं सरळ पाइप आहे की, मोडंल पीळ आपसूक," असे कुणी म्हणेल. मोडतो, पण सावकाश. पीळ मोडायचे काम भिंतीचे घर्षण करते. घट्ट तेलाला घर्षण जास्त, त्यात पीळ लवकर मरतो. पातळ तेलात मात्र तो लांबवर टिकतो. पाइपाच्या व्यासाच्या पन्नास-शंभर पट अंतरावरही त्याचा अंश सापडतो. अर्ध्या मीटरच्या पाइपाला हे अंतर पंचवीस ते पन्नास मीटर झाले. समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर एवढी सरळ जागा आणायची कुठून?

पीळ मापकाला कसा फसवतो?

पुन्हा नावाड्याकडे येऊ. तो तिरका जात असताना नदीत आडवा प्रवाहही असला आणि तो त्याच्याच दिशेचा असला, तर नावाडी आणखी लवकर पोचेल. परत येताना आणखी उशीर होईल. घड्याळ दोन्ही वेळा बरोबर टिपेल. पण आपण म्हणू, "आज नदीला ओढ फार!" प्रत्यक्षात नदीची ओढ तेवढीच आहे, आडव्या रेट्याने आपल्याला चकवले आहे.

आवाजाची वाट ४५ अंशांची असेल तर हिशेब अगदी सोपा आहे. वाटेच्या अंगाने जेवढा आडवा वेग, तेवढीच चूक. तेल सेकंदाला दोन मीटर वाहते आहे आणि आडवा वेग फक्त दोन सेंटिमीटर, तरी त्या वाटेचे माप शंभरात एकाने चुकले. प्रवाह पाच अंशांनी तिरपा झाला, तर त्या वाटेवरची चूक शंभरात पावणेनऊपर्यंत जाते. हजारात एकाच्या गोष्टी करणाऱ्या मापकाची ही गत! आणि तरीही यंत्र बिघडलेले नाही. घड्याळ बरोबर, बोंडे बरोबर, प्रमाणपत्र बरोबर. आकडा मात्र चूक.

वाट पाइपाच्या अगदी मध्यातून नेली तर? सायकलचे चाक आठवा. चाक फिरताना आरीचा प्रत्येक बिंदू आरीला काटकोनात सरकतो, आरीच्या लांबीच्या अंगाने सरकत नाही. तसाच पीळ बरोबर मध्याभोवती फिरत असेल तर मधल्या वाटेला तो ढकलत नाही. पण पीळ असा शहाण्यासारखा मध्यावर बसत नाही, एका अंगाला सरकतो. शिवाय एका एल्बोनंतरचे दोन भोवरे असले, तर त्यांच्या मधून नेमका आडवा झोत जातो. वाट त्या झोताच्या अंगाने पडली की चूक झालीच. म्हणजे तेच मापक, तोच पाइप, पण बोंडे कुठल्या कोनात बसवली त्यावर आकडा बदलतो.

उपाय कोणते?

पहिला उपाय म्हणजे एका वाटेऐवजी अनेक वाटा. शेताचा पाऊस एका डब्याने न मोजता चार ठिकाणी डबे ठेवावेत, तसे. पाइपात खाली-वर चार पातळ्यांवर चार वाटा घेतात. त्या कुठे घ्यायच्या आणि कुठल्या वाटेला किती वजन द्यायचे, हे कार्ल गाउस या जर्मन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलेल्या पद्धतीने ठरते. पीळ वरच्या वाटांना पुढे ढकलतो तेव्हा खालच्या वाटांना मागे ओढतो. बेरीज केली की चूक बरीचशी फिटते. पीळ एका अंगाला सरकलेला असेल तर मात्र थोडी बाकी राहते.

म्हणून त्याच्याही पुढे जाऊन आठ वाटांची मापके निघाली. प्रत्येक पातळीवर फुलीसारख्या दोन वाटा. एकीला आडवा रेटा पुढे नेतो, दुसरीला तेवढाच मागे ओढतो. दोन्हींची सरासरी काढली की पीळ त्या पातळीपुरता निघून जातो. आणि दोन्हींची वजाबाकी केली तर पीळ किती आहे तेही कळते. हा मोठाच फायदा आहे. मापक नुसते माप देत नाही, माझ्याकडे येणारे तेल सरळ येत नाही अशी तक्रारही करते.

दुसरा उपाय जाळीचा. पाइपात लहान नळ्यांची मोळी किंवा भोके पाडलेली जाड तबकडी बसवायची. तेल त्यातून सरळ होऊन निघते. नळ्यांची मोळी पीळ चांगला मोडते, पण वेगाची घडी नीट बसवतेच असे नाही. तबकडी त्या मानाने बरी. दोन्हींचा खर्च दाबात द्यावा लागतो. तेलातले मेण किंवा कचरा भोकांत अडकला तर जाळीच नवा तिरपेपणा निर्माण करते. बसवली आणि विसरली असे चालत नाही.

तिसरा उपाय सर्वांत जुना, सरळ लांबीचा. चालत आलेला ठोकताळा असा की जाळी नसेल तर मापकाआधी व्यासाच्या वीसपट सरळ पाइप हवा आणि जाळी असेल तर दहापट. मापकानंतरही पाचपट सरळ ठेवावा. पण लागोपाठ दोन एल्बो असतील तर वीसपटही अपुरे पडू शकते, हे वर पाहिलेच.

जागेवरची तपासणी

आपला काटा जागेवरच तपासतात. काटा उचलून शहरात नेत नाहीत. तेलाच्या मापकाचीही तशी सोय आहे. मापकाशेजारी नेमक्या आकारमानाचा एक वळवलेला लांब पाइप असतो. त्यातून तेलासोबत एक घट्ट बसणारा गोळा सोडतात. गोळा पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जाईतो नेमके किती तेल गेले हे आधीच ठाऊक असते. मापकाने किती दाखवले ते त्याच्याशी ताडायचे आणि दुरुस्तीचा गुणक काढायचा. पाइपात पीळ असेल तर त्याची चूकही या गुणकात आपोआप धरली जाते.

मग प्रश्न संपला का? नाही. गुणक बरोबर असतो तो त्या वेळच्या पिळापुरता. तेलाच्या ठाण्यात दोन-तीन समांतर पाइप असतात. आज पहिला आणि दुसरा चालू, उद्या दुसरा आणि तिसरा. आज हा पंप, उद्या तो. व्हॉल्व्ह आज पूर्ण उघडा, उद्या अर्धा. प्रत्येक वेळी पीळ बदलतो. कालच्या पिळावर काढलेला गुणक आजच्या पिळाला लावला तर चूक परत आली. कायम एकाच बाजूला, एकाच मापाने चुकणारे मापक त्या मानाने परवडले, त्याला गुणकाने सरळ करता येते. रोज वेगळे चुकणाऱ्याला औषध नाही. तेलवाल्यांची खरी धास्ती पिळापेक्षा बदलत्या पिळाची आहे.

मापक प्रयोगशाळेत पाठवतात तेव्हाही हेच पथ्य. स्कॉटलंडमध्ये ईस्ट किलब्राइड येथे आणि आपल्याकडे केरळातील पालक्काडच्या फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तेलाच्या प्रवाहमापकांची तपासणी होते. शहाणा मालक नुसते मापक पाठवत नाही. त्याच्या आधीचा सरळ पाइप आणि जाळी जशी जागेवर बसणार तशीच जोडून पाठवतो. नाहीतर प्रयोगशाळेतल्या सरळ प्रवाहावरचे प्रमाणपत्र जागेवरच्या पिळापुढे कागदाचा तुकडा ठरते.

आपल्याला यातून काय?

कुणी विचारील, "उसाच्या फडात हे तेलाचं पुराण कशाला?" त्याची कारणे दोन.

एक, इथेनॉल. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला आणि २०२५ सालात मिश्रण वीस टक्क्यांवर पोचले. आपल्या उसाचे मोल आता पोत्याबरोबर लिटरवरही ठरते. इथेनॉल पाण्यासारखेच पातळ आहे, म्हणजे पीळ लांब टिकणाऱ्यांतले. भरण्याच्या ठिकाणी वाहत्या द्रवाचे मापक लावले असेल तर त्याच्या प्रमाणपत्राबरोबर त्याच्या आधीचा पाइपही बघायला हवा.

दोन, उपसा सिंचन. पाणीवापर संस्थांना घनमापावर पाणी देण्याचे धोरण आपल्या राज्यात कायद्याने आले आहे. योजनांच्या डिलिव्हरी पाइपांवर अल्ट्रासॉनिक किंवा पंख्याची मापके बसतात. पंख्याला तर पीळ थेटच फसवतो. पीळ पंख्याच्या फिरण्याच्या दिशेचा असला तर फेऱ्या वाढतात, उलटा असला तर घटतात. आणि मापक बसवायला सोयीची जागा कुठली? पंपघरातच, पंप, व्हॉल्व्ह आणि एल्बो यांच्या दाटीत. म्हणजे पिळाच्या माहेरी!

तेव्हा आपल्या योजनेवर मापक बसत असेल तर सभासदांनी पाच गोष्टी विचाराव्यात.

१. मापकाआधी सरळ पाइप किती? ३०० मिलिमीटरच्या पाइपाला वीसपट म्हणजे सहा मीटर. पावले टाकून मोजता येते.

२. शेवटचे वळण एक आहे की लागोपाठ दोन वेगळ्या दिशांची? दोन असतील तर जागा आणखी पुढे घ्यायला सांगावे.

३. पाणी कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह मापकाच्या आधी आहे की नंतर? तो नंतर, आणि थोडा लांब असावा.

४. मापकात आवाजाची वाट एकच आहे की अनेक? एकच असेल तर जागेची निवड दुप्पट काळजीने व्हावी.

५. तपासणी कुठले पंप चालू असताना झाली? एका पंपावर केलेली तपासणी दोन्ही पंप चालताना लागू पडेलच असे नाही.

हे विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. काट्यावर खेप चढताना आपण तराफा साफ आहे ना, गाडी पूर्ण चढली ना, काटा शून्यावर आला होता ना, हे बघतोच. तीच नजर पाइपाकडे वळवायची. काट्यावर गाडी स्थिर उभी राहिल्याशिवाय वजनाला अर्थ नाही, तसे पाइपातून प्रवाह सरळ आल्याशिवाय मापाला अर्थ नाही. मापकाचा आकडा वाचण्याआधी चार पावले मागे जाऊन पाइप बघावा, एवढेच सभासदांना सांगणे.